सुनेने होडी मुद्दाम उलटवली

मंडळी, आज सून मेघनाचा शिडाच्या होडीचा क्लास बघायला तलावावर गेलो होतो. लालबागहून निघाल्यापासून जीव थाऱ्यावर नव्हता.

वारा मंद होता, तरी तिची होडी आडवी झाली आणि ती पाण्यात पडली. मी काठावरून ओरडलो, "अरे, कोणीतरी धावा!"

शिकवणारे सर हसले. "काका, मीच उलटवायला सांगितलं. सरळ करता आल्याशिवाय आम्ही पुढचं शिकवत नाही."

मेघनाने होडीच्या बुडातून बाहेर आलेल्या फळीवर चढून ती सरळ केलीसुद्धा. "बाबा, बघितलंत ना?"

सर म्हणाले, "काका, रविवारी तुम्हीही बसा." मी हो म्हणून बसलोय.

मला पोहता येत नाही. लाइफ जॅकेट घातल्यावर माणूस खरंच तरंगतो का? ज्यांनी घातलंय त्यांनीच सांगा, रविवारच्या आत.