मागच्या चाकाची दाढ

माझा मामा कवळ्या बनवायचा. घराच्या पुढच्या खोलीत खिडकीखाली त्याचं टेबल होतं आणि त्यावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असायचे. नवखा माणूस ते जबडे बघून दारातच थबकायचा. मामा मात्र तोवर त्या माणसाच्या तोंडात डोकावून मोकळा झालेला असायचा. चेहरे त्याच्या लक्षातच राहत नसत.

"आज वरच्या मजल्यावरचे भेटले होते," मामी सांगायची.

"कोण? पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेत ते?"

तेच असायचे.

तयार कवळ्या दंतवैद्यांकडे पोचवायला मामाने सायकल घेतली होती. स्वस्तातली. रंग झकास, घंटी खणखणीत, बाकी सगळं देवाच्या भरवशावर. थोड्याच दिवसांत तिचं मागचं चाक डुलायला लागलं. मामा आपला सरळ चाललेला असायचा आणि मागचं चाक बाजारात आल्यासारखं डावीकडे-उजवीकडे बघत यायचं. ब्रेकला घासून खस्‌ खस्‌ करायचं ते वेगळंच. एकदा तर वळणावर त्याने असा हिसका दिला की कॅरिअरवरच्या कवळ्यांच्या डब्याचं झाकण उघडलं आणि एक कवळी रस्त्यावर पडली. समोरून एक म्हातारे गृहस्थ येत होते. त्यांनी कवळी पाहिली, आधी स्वतःच्या तोंडाला हात लावून खात्री करून घेतली आणि मगच म्हणाले, "अहो, तुमचं काहीतरी पडलं."

मामा तणतणत घरी आला. सायकल उलटी करून त्याने मागचं चाक दोन्ही हातांनी धरलं आणि हलवून पाहिलं.

"दाढ हलतेय," तो म्हणाला.

"कुणाची?" मामीने आतून विचारलं.

"हिची. मागची. मुळाशी किडलीय."

"मग न्या की सायकलवाल्याकडे."

"अगं, मी माणसांचे जबडे बसवतो. मला एक चाक बसवता येणार नाही?"

मामीने जेवणाच्या टेबलावरचा कपडा तेवढा काढून घेतला.

चाकाच्या मधोमध जो डबा असतो, ज्यातून दांडा आरपार जातो, त्याला हब म्हणतात. दांड्यावर दोन बाजूंना निमुळत्या नटांसारखे दोन कोन आणि कोन नि हबची वाटी यांच्यामध्ये पोलादी छर्रे. मामाने पाना लावून हे सगळं सोडवलं. आतून काळंकुट्ट ग्रीस निघालं. दात बघायचा छोटा आरसा धरून त्याने साखळीकडचा कोन तपासला आणि एकदम खूश झाला.

"हे बघ! खड्डे! सांगितलं नव्हतं, कीड लागलीय?"

मग त्याने तो कोन कवळ्या चमकवायच्या ब्रशाखाली धरला. कोन आरशासारखा लखलखला. खड्डे होते तिथेच राहिले, फक्त तेही लखलखले. छर्रे मामीने साबणाच्या पाण्यात स्वच्छ घासले आणि घरंगळू नयेत म्हणून गुलाबी मेणाच्या पट्टीवर एकेक दाबून बसवले. कवळीचं माप घ्यायला मामा हेच मेण वापरायचा. शेजारी स्वयंपाकघरातल्या एका वाटीत कोमट पाणी होतं आणि त्यात दुसरी पट्टी मऊ व्हायला टाकलेली होती, कारण मोठ्या बाई यायच्या होत्या.

मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. निवृत्त झाल्या तरी त्या रस्त्याने निघाल्या की चांगली चाळिशी उलटलेली माणसंसुद्धा शर्टाचं वरचं बटण लावायची. त्या आल्या तशी मामाची धांदल उडाली. त्याने हात धुतले, वाटीतलं मऊ मेण उचललं, घडी घालून पट्टीला आकार दिला आणि बाईंच्या तोंडात बसवली.

"हं, आता हळूच चावा."

बाई चावल्या. टक्‌ असा आवाज आला.

"जबड्याचा सांधा वाजतोय वाटतं," मामा म्हणाला.

"फांधा नाही!"

"बोलू नका बाई, मेण हलेल."

"फुम्ही आत काय घातलंय?"

"मेणच आहे हो."

"मेण टकटक वाजतं?"

तेवढ्यात आतल्या खोलीतून मामीचा आवाज आला, "अहो, इकडे एक छर्रा कमी भरतोय!"

मामा आणि बाई एकमेकांकडे बघत राहिले.

मामाने मेण बाहेर काढलं, चाकूने चिरलं. आत छर्रा होता, सुखरूप; घरंगळून वाटीत पडला आणि मऊ मेणाला चिकटला असणार. "सापडला गं!" म्हणून मामाने तो उजेडात धरला. बाईंनी शांतपणे तोंड पुसलं.

"उभे राहा."

मामा उभाच होता. तो आणखी उभा राहिला.

"हे कशातलं आहे?"

"सायकलमधलं."

"माझ्या तोंडात तुमची सायकल?"

"सबंध नाही, बाई."

मामी दारात येऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली होती. तिचे खांदे गदगदत होते. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं, आणि मग त्याच खो खो हसत सुटल्या. मामा नंतर सांगायचा की त्या हसण्यात त्यांचा वरचा जबडा जेवढा नीट दिसला तेवढा मापाच्या वेळीही दिसला नव्हता.

माप पुन्हा घेऊन झालं तरी बाई घरी जाईनात. "चाक लागल्याशिवाय मी हलणार नाही. आता माझाही हातभार लागलाय त्याला." त्यांनी खुर्ची ओढून दांडा धरला. मामीने ग्रीस भरून छर्रे बसवले आणि मामाने कोन पिळले. पहिल्यांदा इतके घट्ट की चाक फिरेना. मग इतके सैल की पुन्हा डुलायला लागलं. "मध्यम! मध्यम ठेवा!" बाई वर्गात ओरडावं तशा ओरडत होत्या. शेवटी चाक सरळ फिरलं, पण फेरीगणिक कट्‌ कट्‌ करत.

"अजून दुखतंय तिला," बाई म्हणाल्या.

मामाचं तोंड एवढंसं झालं. दुसऱ्या दिवशी तो मुकाट्याने सायकलवाल्याकडे गेला.

सायकलवाल्याचा समोरचा एक दात पडलेला होता, त्यामुळे त्याचा 'स' भलत्याच वाटेने बाहेर यायचा. त्याने कोन अंगठ्याने चाचपला.

"हा कोन थंपलाय. चमकवलाय कुणी? वाट्या थाबूत आहेत. दांडा, कोन, छर्रे, थगळं नवीन टाकू."

मामाचं चाकाकडे लक्षच नव्हतं.

"कधी पडला?"

"कोण?"

"समोरचा."

"अथाच. बाटली उघडताना."

"तोंड उघडा बघू."

मग त्या दुकानात भलताच देखावा झाला. सायकलवाला चाकावर वाकलेला आणि मामा सायकलवाल्यावर वाकलेला. "जरा तो पाना द्या." "जरा मान वर करा." पंक्चर काढायला आलेल्या एका बाईने दाराशी उभ्या माणसाला विचारलं, "इथे दोन्ही करतात का हो?" शेवटी दोघांचं ठरलं, त्याने मामाचे कोन बसवायचे आणि मामाने त्याचा दात. दात बसला त्या दिवशी सायकलवाला येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून "सायकल! सीट! सुट्टे स्क्रू!" असं ऐकवत होता म्हणे.

मामा मात्र त्याच्या आधीच सुटला होता. नव्या कोनांचं चाक असं गुळगुळीत पळत होतं की पायडल थांबवलं तरी सायकल थांबेना. मामा घराच्या गल्लीपाशी आला आणि वळायचं त्याच्या जिवावर आलं. तो तसाच पुढे गेला. पूल ओलांडला, कारखाना मागे पडला, आणि दुपारी तो आमच्या दारात उभा राहिला, पार दुसऱ्या गावात. आई घाबरून बाहेर आली.

"काय रे दादा, सगळं ठीक ना?"

"एकदम ठीक. पाणी दे. चाक बघ माझं."

आईने चाक बघितलं, पाणी दिलं, आणि मामीला फोन लावला.

"वहिनी, दादा इथे आलाय."

"कशाला?" मामी म्हणाली. "ते तर कोपऱ्यावर सायकल आणायला गेलेत."

आईने मामाकडे फोन दिला. मामा तो कानापासून जरा लांब धरून म्हणाला, "अगं, बरं ऐक. तू उद्या मागे बस, दोघं येऊ. डुलत नाही आता. एकदम पक्की बसलीय दाढ."