साठ दिवसांचं कार्ड

अन्याय तिळूवर झाला. रथसप्तमीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, दुपारी चार वाजता, सेक्टर ४३च्या बस स्टँडच्या पार्किंगमध्ये. एका माणसाने त्याला बुटांच्या खोक्यातून काढलं आणि एका बाईंच्या हातात ठेवलं. सोबत एक छापील कार्ड दिलं. तिळू कुत्र्याचं पिल्लू आहे, त्याला तक्रार लिहिता येत नाही, म्हणून मी लिहिते आहे. त्या अन्यायात थोडा हात माझाही होता. तेही लिहिते.

मी ऋतुजा. चंडीगढमध्ये डॉ. गिल मॅडमच्या पेट क्लिनिकमध्ये असिस्टंट आहे. टेंपरेचर घेणं, पेशंट धरून ठेवणं, केस पेपर लिहिणं, टेबल पुसणं, सगळं माझ्याकडे. शिवाय आमचा पाच-सहा जणांचा गट आहे. कुत्र्यांच्या चोरट्या विक्रीविरुद्ध आम्ही पत्रकं वाटतो. पत्रकं मी लिहिते. डॉक्टर मॅडम मला 'पर्चेवाली' म्हणतात. क्लिनिकमध्ये पर्चा म्हणजे औषधाची चिठ्ठी, आणि गटात पर्चा म्हणजे माझं पत्रक. "मेरे पर्चे से बीमारी जाती है, तेरे से नींद," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

मंगळवारी सकाळी सव्वानऊला वैशाली काकू आल्या. काकू सांगलीच्या. इथल्या एका वैद्यकीय संस्थेत संशोधक आहेत. आमची ओळख महाराष्ट्र मंडळातली. मागे त्यांची मुलगी ओवी, शाळेच्या गणवेशात. शाळा बुडवली होती.

"ऋतुजा, हे उठतच नाही बघ," काकू म्हणाल्या आणि मफलर उलगडला.

आत शिह त्झू जातीचं पिल्लू होतं. लांब केसांची, चपट्या नाकाची छोटी जात, इथे हिची फार हौस आहे. पिल्लू ओल्या मोज्यासारखं लोंबत होतं. हिरड्या पांढऱ्या. टेंपरेचर शहाण्णव, म्हणजे असायला हवं त्यापेक्षा चार-पाच अंशांनी कमी. शुगर बघायला कानाला सुई टोचली तर मीटरवर आकडा आलाच नाही, नुसतं 'लो'.

"दूध देऊ का गरम?" काकूंनी विचारलं.

"आत्ता नाही. गार पडलेल्या पिल्लाचं पोट चालत नाही. आधी ऊब, मग अन्न."

मी हिरड्यांवर ग्लुकोज चोळलं. गरम पाण्याच्या दोन बाटल्या टॉवेलमध्ये गुंडाळून दोन्ही बाजूंना ठेवल्या. डॉक्टर मॅडमनी पार्व्होची टेस्ट केली. पार्व्हो म्हणजे पिल्लांना जुलाब-उलट्यांनी मारणारा विषाणू. एकच रेघ आली, निगेटिव्ह. वीस मिनिटांनी पिल्लाने एक पाय हलवला. ओवीने श्वास सोडला तो मला ऐकू आला.

"मग झालंय काय त्याला?" काकू म्हणाल्या. "सगळं बघून घेतलंय गं. हे कार्ड घे. साठ दिवसांचा आहे. पहिली लस झालीय. तारीख आहे, सही आहे."

मी कार्ड वाचायला लागले. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "कार्ड पढ़ना बंद कर. मुँह खोल."

मी तिळूचं तोंड उघडलं. दोन महिन्यांच्या पिल्लाला दुधाचे सगळे दात असतात, मोजून अठ्ठावीस. याचे पुढचे दात नुकते टोचायला लागले होते. दाढांच्या जागी नुसती गुळगुळीत हिरडी.

"महीने भर का है," मॅडम म्हणाल्या. "मुश्किल से."

"ये रात को मेरी कैप चूसता है," ओवी म्हणाली. "मैंने मम्मी को बोला था."

काकू खुर्चीत बसल्या. मग त्यांनी पर्समधून एक घडी केलेला कागद काढला आणि माझ्यासमोर धरला. "तुझंच पत्रक बघून घेतलं की गं."

माझंच होतं. मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात मी ते वाणाच्या स्टीलच्या वाटीत घालून प्रत्येकीला दिलं होतं. मला ती कल्पना फार भारी वाटली होती. कागदावर चार प्रश्न होते. वय साठ दिवसांच्या वर आहे का? लसीचं कार्ड आहे का? कार्डावर तारीख आणि सही आहे का? विकणाऱ्याचं नाव आणि नंबर घेतला का? काकूंनी चारही प्रश्नांपुढे पेन्सिलीने बारीक टिक केली होती. लॅबमध्ये करतात तशी.

चारही गोष्टी कागदावरच्या होत्या, आणि कागद कुणालाही छापता येतो.

आम्ही पिल्लांसाठीची दुधाची पावडर कालवून ड्रॉपरने दिली. अर्ध्याहून जास्त बाहेर आली, उरलेल्याचे जुलाब झाले. काकूंनी तीन दिवस गाईचं दूध आणि कुत्र्यांच्या खाण्याचे भिजवलेले दाणे देऊन पाहिले होते, तेही असंच झालं होतं. मॅडमनी सलाईन लावलं. त्या सुई लावताना कधी बोलत नाहीत. पट्टी चिकटवून झाल्यावर म्हणाल्या, "ड्रिप से शाम तक खींच लेगा. कल का पता नहीं. इसे दवाई नहीं चाहिए. इसे माँ चाहिए."

मी कार्डावरच्या नंबरला फोन लावला. स्पीकरवर. विकणाऱ्याचं नाव हॅपी.

"पिल्लू मरायला टेकलंय, महिन्याचंसुद्धा नाही," हे मी त्याला हिंदीत सुनावलं. तो शांतपणे म्हणाला, "टेंशन न लो जी. रिप्लेसमेंट दे दूँगा. दूसरा पपी, पक्का."

"रिप्लेसमेंट मतलब?" ओवीने आईकडे बघून विचारलं.

कुत्र्यांची पत्रकं लिहिते ती मीच, असं सांगून मी सुरू झाले. दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू विकायला कायद्याने बंदी आहे. ब्रीडिंग करायचं तर नोंदणी लागते. आई कुठे आहे ते सांग. मला हे सगळं पाठ आहे, श्वास न घेता बोलता येतं.

तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "मैडम, आपका पर्चा मेरे पास भी है, हिंदी वाला. उसी को पढ़के तो कार्ड छपवाए. अब हर कस्टमर यही माँगता है न."

उपरोध नव्हता त्यात. जवळजवळ आभार मानत होता. इतकी शरम मला आजवर वाटली नव्हती. "और मदर तो फार्म पे है जी, दूर है," असं म्हणून तो फोन ठेवणार, तेवढ्यात मॅडमनी माझ्या हातातून फोन घेतला.

"हैप्पी पुत्तर, डॉक्टर बोल रही हूँ. सारे पिल्ले एक ही दिन उठा लिए?"

"हाँ जी. शनिवार को."

"फीमेल खाना खा रही है?"

"वो... जी..." हॅपी अडखळला.

"थन कैसे हैं?"

"पत्थर जैसे हो गए जी," हॅपीचा आवाज उतरला. "दो दिन से कुछ नहीं खाया. हाथ लगाओ तो काटने को आती है."

"कहाँ है?"

"खरड़. फ्लैट में."

"एक घंटे में ले आ. नहीं तो दूध सड़ेगा, फिर वो भी जाएगी."

फोन ठेवून मॅडमनी मला समजावलं, ते तुम्हालाही सांगते. महिन्याच्या सुमाराला आईला भरपूर दूध असतं. पिल्लं एकदम उचलली की ते दूध आत तुंबतं. आधी गाठी, मग ताप, मग पू. म्हणजे इथे एक पिल्लू दुधावाचून चाललं होतं आणि चंडीगढजवळच्या खरडमध्ये त्याची आई दुधानेच आजारी पडली होती.

"और अगर पस बन चुका हो?" मी विचारलं.

"तो ये नहीं पी सकता. दुआ कर, पर्चेवाली."

सव्वा तासाने हॅपी आला. मी मनात एक गुंड उभा केला होता. आला तो कॉलेजातला वाटावा असा मुलगा, हातात भाजीची मोठी पिशवी आणि पिशवीत ती. केसांच्या जटा. डोळ्यांना चिपडं. टेबलावर ठेवली तर अंग चोरून बसली.

मी केस पेपर घेतला. "नाम?"

"किसका?"

"इसका."

"जी... फीमेल."

"नाम पूछा है."

"नाम तो नहीं रखा जी."

मॅडमनी तिचा ताप बघितला. थोडा होता. मग काचेच्या पट्टीवर एकेका आचळातून थेंब थेंब काढला. पिवळा किंवा लालसर थेंब म्हणजे संपलं. आम्ही सगळे पट्टीवर वाकलो, हॅपीसुद्धा. पहिला पांढरा. दुसरा पांढरा. सगळे पांढरे.

"लाओ छोटे को," मॅडम म्हणाल्या.

अजून एक भीती होती. तीन दिवसांत तिळूला मफलरचा, ओवीचा, औषधांचा वास लागलेला. आई ओळखेलच असं नाही, कधी कधी चावतेही. मी एक हात तिच्या मानेजवळ तयार ठेवला. तिने तिळूला हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग त्याच्या पोटाखाली नाक घालून त्याला उताणं केलं आणि चाटायला लागली, जणू कुणी भलत्याच पद्धतीने आंघोळ घातली होती आणि आता सगळं पहिल्यापासून करावं लागणार. तिळू डोळे मिटूनच सरकत सरकत गेला आणि त्याला सापडलं.

"हाथ हटा ले," मॅडम मला म्हणाल्या.

तिळूचे दोन्ही पंजे तिच्या पोटावर मागे-पुढे व्हायला लागले. ती आधी कण्हली, मग तिने मान खाली टेकवली. दोघांचं औषध एकच होतं.

दुपारपर्यंत तिळू तीनदा प्यायला आणि टेंपरेचर शंभरवर आलं. ओवी माझ्या टेबलाशी आली, केस पेपर बघितला, आणि म्हणाली, "नाम वाली जगह खाली क्यों है?" तिने स्वतःच पेन घेतलं. तिचं मराठी ऐकण्यापुरतंच, पण काकूंना विचारून विचारून तिने देवनागरीत लिहिलं: तिळूची आई. क्लिनिकच्या रजिस्टरला आजही तेच नाव आहे.

हॅपीशी मॅडम शांतपणे बोलल्या. मला ते जमलं नसतं. तिच्या पोटावर सिझेरियनच्या टाक्यांच्या दोन खुणा होत्या. वय तीन वर्षं, वेत चौथं. वेत म्हणजे एका खेपेची पिल्लं. पुढच्या वेताला ती टेबलावरच जाईल, पिल्लं न होण्याचं ऑपरेशन करून टाकू, असं मॅडमनी सांगितलं.

"फिर मेरे किस काम की?" हॅपी म्हणाला. "आप ही रख लो."

त्याला वाटलं, तो उपकार करतोय. मी त्याच्याकडून ते लिहून घेतलं, तारीख आणि सहीसकट. कागदाचा एवढा उपयोग होतोच.

मग मी त्याला सोडलं नाही. बाकीची तीन पिल्लं कुठे? एक बसने लुधियानाला गेलं होतं, नंबर बंद. दुसऱ्या घरच्यांनी "हमारा तो मस्त खेल रहा है" म्हणून फोन कापला. तिसऱ्या घरचे त्याच संध्याकाळी मोहालीहून पिल्लू घेऊन आले आणि महिनाभर ते आईजवळ ठेवायला तयार झाले. चारातली दोन. हॅपीविरुद्ध लेखी तक्रार मी केली, पाहणी झाली, फ्लॅटमधलं ब्रीडिंग सध्या बंद आहे. मी महिन्यातून एकदा खरडला चक्कर मारते. त्याला ते आवडत नाही.

महिनाभराने ओवीने तिळूचे दात मोजले. तिळूने तिला दोनदा चावून मदत केली. अठ्ठावीस भरले. दूध आटल्यावर तिळूच्या आईचं ऑपरेशन झालं आणि काकू दोघांना घरी घेऊन गेल्या. काकांनी विचारलं, उद्या तुझ्या संस्थेने दुसरीकडे पाठवलं तर दोन-दोन कुत्री कुठे नाचवणार? काकू म्हणाल्या, "एकालाच आणलं होतं हो. त्याची आई राहायला आली. तुमच्या आई येतात तेव्हा मी विचारते का?"

पत्रक मी फाडलं आणि नवीन लिहिलं. त्यात एकच ओळ ठेवली: 'आई दाखवा.' मॅडमना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला. "अच्छा है. कल को वो किराए की माँ बिठा देगा." मी चिडले, पण त्यांचं खरं होतं. म्हणून दुसरी ओळ घातली: आई भाड्याने आणता येते, दूध आणता येत नाही.

तेव्हा तुम्हाला पिल्लू घ्यायचं असेल तर पट्टा, नाव, टोपली सगळं नंतर. पार्किंगमध्ये भेटू नका. कार्ड बघण्याआधी पिल्लाचं तोंड उघडून दात मोजा. जिथे ते जन्मलं तिथे जा आणि म्हणा, आई दाखवा. फोटो नको, व्हिडिओ नको. पिल्लू तिच्याकडे धावत गेलं पाहिजे आणि तिने त्याला जवळ घेतलं पाहिजे, तुमच्या डोळ्यांसमोर. तिला काय म्हणून हाक मारता, तेही विचारा. उत्तर आलं नाही, तर रिकाम्या हातांनी परत या.