अनसामावशीने वाटलेली माहेरं

बांगड्या भरायला बसलेल्या बाईला अनसामावशी मापाच्या आधी माहेर विचारायची. हात हातात घ्यायची, अंगठ्याच्या बुडाशी दाबून दाबून मऊ करायची आणि मान वर न करता म्हणायची, "माहेर कंचं?" उत्तर आल्याशिवाय बांगडी पुढे सरकत नसे. हात तिच्या मुठीत अडकलेला, त्यामुळे बाईला उठूनही जाता येत नसे.

मलाही तिने असंच धरलं. पन्नासचं दशक अर्धं उलटलं होतं. पिंपरीला कारखाने उभे राहत होते आणि त्यातल्याच एकात हे बाटल्या भरण्याच्या खात्यात लागले होते. लग्न वैशाखात झालं, पण चाळीत खोली मिळाली ती दिवाळी झाल्यावर. मी संगमेश्वराकडची. घाट चढून आले तेव्हा पाचवा महिना लागला होता. चाळीत सगळ्या माझ्यासारख्याच उपटून आणून लावलेल्या; कुणी साताऱ्याची, कुणी बीडची, कुणी खानदेशातली. शेजारीण काय म्हणाली हे कळायला दोनदा विचारावं लागे.

"माहेर नाही मला," असं मी अनसामावशीला सांगितलं. माझी आई धाकट्या भावाच्या वेळी बाळंतपणातच गेली होती, आणि भाऊही राहिला नाही. पुढे वडील गेले. ह्यांचीही आई लहानपणीच वारलेली, चुलत्यांकडे वाढलेले. म्हणजे सासर नाही आणि माहेरही नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही रीत सगळ्यांना ठाऊक. पण माहेरच नसेल तिने काय करायचं, हे रीत सांगत नाही. आईचं काय झालं ते मला सारखं आठवायचं. कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. अनसामावशीला मात्र सगळं सांगून बसले. ती एवढंच म्हणाली, "बरं. बघू."

ही अनसामावशी म्हणजे चिंचवड गावातली कासारीण. उंच, सावळी, चालायला लागली की पुरुष मागे पडावेत अशी. डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन ती गावातली शेतकऱ्यांची घरं, कारखान्यांच्या चाळी आणि फाळणीनंतर वसलेली निर्वासितांची छावणी, असं सगळं पालथं घालायची. तरुणपणीच विधवा झालेली, मूलबाळ नाही. गावभरच्या बायकांचे हात भरणारीचे स्वतःचे हात मोकळे. कुणीतरी एकदा त्यावरून हळहळलं, तर म्हणाली, "हलवाई कुटं लाडू खात बसतोय व्हय?"

तिचा खरा उद्योग बांगड्यांच्या आडून चालायचा. सरकारी नर्सबाई चावडीत कोणत्या वारी येतात, दुधाची भुकटी कुठे वाटतात, भोसरीची सुईण हाताची चांगली की आकुर्डीची, हे सगळं तिच्याकडे मिळे. पण त्याहून मोठं काम म्हणजे माहेरं वाटणं. गावात कुणाच्या घरी गाय व्यालेली आहे, कुणाच्या लेकी लांब पडल्यामुळे घर सुनंसुनं झालंय, कुणाच्या मागच्या खोलीत ऊन येतं, हे तिला माहीत असे. चाळीतली पोटुशी पोर ती तिथे घेऊन जायची आणि त्या घरच्या बाईकडून तिची ओटी भरून घ्यायची. तांदूळ, नारळ, खण पदरात पडला की ती त्या घरची लेक. एकदा भरलेली ओटी कुणी परत घेत नाही, त्यामुळे त्या घरालाही मागे फिरायची सोय उरत नसे. छावणीतल्या एका सिंधी बाईला तिने असंच एका पाटलाच्या घरी लेक म्हणून दिलं होतं. त्या मायलेकींना एकमेकींचं अक्षरही कळत नव्हतं, म्हणून त्यांचं कधी भांडण झालं नाही.

"बाईला दोन घरं पायजेत," ती म्हणायची. "एक भांडायला, एक रडायला. एकाच घरात दोनी केलं की येडी व्हती बाई."

गुणी होती म्हणून सगळंच गोड होतं असं नाही. तिच्या पोटात तीळ भिजत नसे. शेजारच्या सातारकरणीला दिवस गेल्याचं तिच्या नवऱ्याला गावच्या न्हाव्याकडून कळलं होतं.

तर एक दिवस दुपारी अनसामावशी मला घेऊन गावात निघाली. पवनेच्या बाजूला तानूबाई म्हणून एक जाणती शेतकरीण होती. दोन लेकी लांब दिलेल्या, धाकटी सुगंधा तेवढी घरात. तानूबाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि पहिल्यांदा विचारलं, जेवलीस का. मग पाटावर बसवलं आणि ओटी भरली. नवरा काय करतो म्हणाल्या; कारखान्यात आहेत, असं मी म्हटलं. त्यापुढे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. नवऱ्याचं नाव घेण्याची तेव्हा पद्धत नव्हती, आणि अनसामावशी तर बाईचं माहेर सोडून दुसरं काही विचारतच नसे.

मी पदर सावरून उठत होते तेवढ्यात दारात हे उभे. पहिली शिफ्ट संपवून घरी आले, शेजारणीने सांगितलं की बायको गावात गेली आहे, म्हणून डबा हातात तसाच घेऊन शोधत आले होते. तानूबाईंनी त्यांना पाहिलं आणि कमरेवर हात ठेवला.

"आलास का रं वसंता? बायकू आणली म्हनं, अन् मला तोंड न्हाई दावलंस तिचं."

मला उलगडा झाला. खोली मिळण्याआधी हे गावात राहत होते. जेवायला एका घरी जात. त्या घरच्या बाईला ते आई म्हणत, आणि माझ्याजवळही 'गावातल्या आई' असंच बोलत. सुट्टी मिळाली की तुला नेतो म्हणत आज-उद्या चाललं होतं. खरं म्हणजे पाचव्या महिन्याची बायको आईपुढे न्यायची त्यांना लाज वाटत होती. त्या गावातल्या आई म्हणजे ह्या तानूबाई. सुगंधाने तर महिन्यापूर्वीच्या भाऊबिजेला ह्यांना ओवाळलंही होतं.

म्हणजे ह्या घरचे हे मुलगा, आणि त्याच घरची आता मी लेक.

सुगंधा हसायला लागली. तानूबाई जमिनीवरच बसल्या. "अगं अनसे, ही तर माझी सून. सुनंची ओटी मी लेक म्हनून भरली. अन् पयलं बाळातपन सासरी करायचं म्हंजी गाव शेण घालंल माझ्या तोंडात."

मला रडू आलं. नात्याची लाज वगैरे माझ्या डोक्यातच नव्हती. जागा मिळता मिळता गेली, एवढंच मला कळत होतं. आता आपणही आईसारख्याच जाणार, असं तिथे पाटाजवळ उभ्या उभ्या वाटलं, आणि मी ते बोलूनही गेले.

अनसामावशीने मला खाली बसवलं. मग पाटी पुढे ओढून बराच वेळ नुसत्या बांगड्या इकडच्या तिकडे केल्या. शेवटी म्हणाली, "तानू, भरल्याली ओटी काय परत घेता येत न्हाई. लेक तुझी ऱ्हाऊ दे. पोरगा मी घेते."

"माझा पोरगा तू कशी घिशील?"

"तुला जावई मिळतोय की त्याच्या बदली."

"जावई गवत कापतोय व्हय?" तानूबाई खरंच चिडल्या होत्या. सुट्टीच्या दिवशी हे त्यांच्या गोठ्यातली सगळी कामं करत, आणि आता त्याच माणसाला पाटावर बसवून वाढावं लागणार होतं. सुगंधाचं म्हणणं निराळंच. माझा भाऊ गेला त्याचं काय? अनसामावशीने तिला सांगितलं, की भाऊबिजेला माझ्या घरी येऊन ओवाळ, भाऊ तुझाच आहे. असा सगळा व्यवहार ठरला. ज्यांचा व्यवहार चालला होता त्यांना कुणी काही विचारलं नाही. हे डबा घेऊन उभे होते. त्यांनी डबा खाली ठेवला आणि वाकून अनसामावशीच्या पायाला हात लावला.

 अनसामावशी पाटीवर फडकं उगीचच घालत आणि काढत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सासू होऊन आली. आदल्या दिवसापर्यंत मला पोरी पोरी करणारी, तिने उंबऱ्यातूनच विचारलं, की अजून केर काढला नाही का. माझी भाकरी जाड, माझी आमटी पातळ, आणि मी कोकणातली म्हणून भात जास्त. "भातावर प्वार काय जोर धरनार?" मी म्हटलं, आमच्याकडे सगळी पोरं भातावरच वाढली, अजून कुणी वाकडं निपजलं नाही. तिला इतका आनंद झाला की विचारू नका. सून तोंडाळ मिळाली, म्हणून ती गावभर मिरवत सुटली. मीही तिला मावशी म्हणायचं सोडून आत्याबाई म्हणू लागले. तिच्याशी भांडून झालं की मी तानूबाईंकडे जाऊन रडायची, आणि तिथे गरम दूध मिळायचं.

आठवा सरत आला तेव्हा एकदा ती मला हिरवा चुडा भरायला बसली. गेल्या महिन्यात सहज चढलेलं माप मनगटाकडे सरकेना. तिने हात दाबला, पुन्हा दाबला, बोटं उमटून राहिली. तिने बांगडी पाटीत परत टाकली. "मला ह्यातलं काय कळत न्हाई," ती म्हणाली. "पर हे हात नर्सबाईस्नी दावायचे. आत्ताच."

नर्सबाईंनी पाय पाहिले, डोळे पाहिले, प्रश्न विचारले आणि सांगितलं, की हिला बाळंतपणासाठी पुण्याच्या मोठ्या इस्पितळात न्या, आणि उशीर करू नका. मी नाही म्हटलं. माझ्या आईला शेवटी डोलीत घालून इस्पितळात न्यायला निघाले होते आणि ती वाटेतच गेली, त्यामुळे तो शब्दच मला नको होता. तानूबाईंनाही पटेना. लेकीचं पहिलं बाळंतपण परक्या खाटेवर करायचं, तर मग माहेर कशाला म्हणायचं?

अनसामावशी माझ्यावर जवळजवळ ओरडलीच. "तुझ्या आईला न्यायला उशीर झाला म्हनून ती गेली. तुला आमी येळंवर नेतोय. अन् तानू, तू बी चल संगं. तू जितं बसशील तितं हिचं माहेर."

त्यावर तानूबाई सामान बांधायला लागल्या. लोणावळ्याहून येणारी गाडी आम्ही चिंचवडला धरली. त्यांनी शेगडी घेतली, डिंकाचे लाडू घेतले, ओवा घेतला आणि शेकायला गोवऱ्यांचं पोतंही घेतलं. गोवऱ्या इस्पितळाच्या फाटकातच अडल्या. ओव्याच्या धुरीवाचून बाळंतीण कशी उठणार, यावर तानूबाईंनी तिथल्या आयाबाईंशी असा वाद घातला की शेवटी आयाबाईंनी लाडू खाऊन तो मिटवला. आतल्या नर्सने नातं विचारलं तेव्हा एक म्हणाली, मी आई. दुसरी म्हणाली, मी सासू. लगेच दोघी विहिणी व्हरांड्यात भांडायला लागल्या, की रात्री पोरीजवळ कुणी थांबायचं. कळा देताना मला त्यांचे आवाज ऐकू येत होते. सांगायला हरकत नाही, त्या आवाजांचा मला फार आधार वाटला.

मुलगी झाली. मी जिवंत होते, आणि हे मला कितीतरी वेळ खरं वाटत नव्हतं. पोरीला बघायचं सोडून मी स्वतःचेच हात वरखाली करून बघत बसले होते.

अनसामावशी पुढे बरीच वर्षं जगली. ती गेली तेव्हा ह्यांनी मुलाच्या नात्याने खांदा दिला, अग्नी दिला. तिचे चुलतपुतणे चाकणहून आले होते, त्यांनीही हरकत घेतली नाही. पण मला ती आठवते ती मुलगी रांगायला लागल्यानंतरच्या एका दुपारची.

दारात ती आणि तिच्यामागे एक बाई. बाई बीडकडची, आमच्या मागच्या चाळीत नुकतीच आलेली, रुक्मिण नावाची. लग्नाला बरीच वर्षं होऊन पहिल्यांदा दिवस गेलेले, माझ्यापेक्षा चांगली मोठी. अनसामावशीने पाटीतून नारळ काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "वटी भर हिची."

मी म्हटलं, "आत्याबाई, मी कशी भरू? मलाच अजून तुम्ही दोघी लागता."

"आमी कुटं चाललोय? पर गावात आता घरं उरली न्हाईत. अन् आईला वय लागत न्हाई, चूल लागती."

मी ओटी भरली. तांदूळ थोडे खाली सांडले. रुक्मिण पाया पडायला वाकली तशी मी मागे सरले, कारण ती मला थोरली. अनसामावशीने माझा दंड धरला आणि मला जागच्या जागी उभं केलं. रुक्मिणचं डोकं माझ्या पायावर बराच वेळ होतं. मग तिने तसंच खाली वाकून, अनसामावशीला ऐकू जाऊ नये अशा आवाजात मला सांगितलं, "आई, लई भेव वाटायलंय."

मी तिला उठवून चुलीजवळ बसवलं. पहिल्यांदा विचारलं, जेवलीस का. अनसामावशीने पाटी डोक्यावर घेतली होती. मी म्हटलं, बसा ना आत्याबाई, भाकरी टाकते.

"नगं," ती म्हणाली, "आईलेकींत माझं काय काम?" आणि पुढच्या चाळीकडे निघाली.