सूनबाईंचं ‘ऊफ’

हसायचंच असेल तर आधी कप खाली ठेवा, मग सांगतो. अंगावर चहा सांडला तर जबाबदारी माझी नाही.

मी निवृत्त मुद्रितशोधक. पुस्तक छापायच्या आधी त्यातल्या चुका शोधून काढणारा. सदाशिव पेठेत बसून उभा जन्म लोकांच्या चुका काढल्या, आणि स्वतः एक अशी केली की अजून घरात तिचीच पारायणं चालतात.

झालं काय, आमच्या इमारतीची लिफ्ट बिघडली. दुरुस्तीला महिना लागेल म्हणाले. आम्ही चौथ्या मजल्यावर, आणि बायकोच्या, सुमनच्या, गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलेला. ती बिचारी वरच अडकली. म्हणून मी घरच्या ग्रुपवर लिहिलं, “लिफ्ट महिनाभर बंद. आईला जिना झेपत नाही. एकदाच कसंबसं उतरवून तुमच्याकडे आणावं म्हणतो. महिनाभर राहू.” मुलगा आणि सून वाघोलीला राहतात. तिथली लिफ्ट चालते.

मुलगा कामासाठी बंगळूरला गेलेला. सुनेचं, सायलीचं, उत्तर दोन मिनिटांत आलं. तीन इंग्रजी अक्षरं, ओ-ओ-एफ. ऊफ.

बस्स. पुढे ना ‘या’, ना ‘नका येऊ’.

आता फोन करून विचारता आलं नसतं का, असं तुम्ही म्हणाल. अहो, लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते. नव्या सुनेला काय विचारायचं, आम्ही यावं की न यावं? छे. आमच्याकडे असं तोंडावर विचारत नाहीत. आमच्याकडे आधी संदर्भ तपासतात.

मी कपाटातून जाडजूड इंग्रजी कोश काढला. त्यात लिहिलेलं, ध्वनीचं अनुकरण. पोटात गुद्दा बसल्यावर माणसाच्या तोंडून हवा बाहेर पडते, तो आवाज. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. म्हणजे आम्ही येणार म्हटल्यावर पोरीच्या पोटात गुद्दा बसला?

दूध आणायला उतरलो तर जिन्यात शेजारचे आपटे भेटले. त्यांना विचारलं तर म्हणाले, “काही नाही हो, सिलिंडर उचलताना तोंडातून निघतं ना, ते.” म्हणजे आम्ही सिलिंडर. तेही भरलेले.

दुसऱ्या मजल्यावर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी एक मुलगी राहते. शेवटी तिला गाठलं.

“काका, ते गेममुळे सगळीकडे गेलं. गेममधला माणूस मेला की तसा आवाज यायचा.”

“मेला की?”

“हो, पण आता कशालाही म्हणतात. वाईट वाटलं तरी, पचका झाला तरी.”

“मग आमच्या बाबतीत काय धरायचं?”

“इट डिपेंड्स, काका.”

हा काय अर्थ झाला? गुद्दा, ओझं, मरण, दया आणि पचका. पाच अर्थ हातात, आणि डोकं रिकामं.

चार दिवस असेच गेले. सुमनने बॅग भरून दाराशी ठेवलेली. रोज विचारायची, “निघायचं कधी?” मी म्हणायचो, “बघू.” सुनेला आपण नको आहोत, हे तिला कोणत्या तोंडाने सांगणार? ती खिडकीत बसून खालचा रस्ता बघत राहायची आणि मी पुन्हा कोश उघडायचो.

पाचव्या दिवशी, ती दुपारची झोपली असताना, मी ग्रुपवर मजकूर टाकला. “चि. सौ. सायलीस, आपण योजलेल्या शब्दाचे मूळ तपासले असता तो पोटात गुद्दा बसल्यावर निघणाऱ्या ध्वनीचे अनुकरण असल्याचे आढळले. आमच्या येण्याने आपणांस तशी इजा होऊ नये, म्हणून येण्याचे रहित करीत आहोत. लोभ असावा.”

खरं सांगतो, मजकूर झकास उतरला होता. मी दोनदा वाचला.

संध्याकाळी बेल वाजली. दारात सायली. वाघोलीहून स्कूटरवर आलेली, चार मजले चढून धापा टाकणारी. मूळची वर्ध्याची पोर, रागावली की तिची बोली थेट वर्ध्यात पोचते.

“असं काहून लिहिलं बाबा तुम्ही? मी आईंच्या गुडघ्यांसाठी म्हटलं होतं ते! चार दिवसांपासून तुमची खोली लावून ठेवली आहे मी.” बोलता बोलता तिचे डोळे भरले. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

तेवढ्यात फोनवर माझा मजकूर वाचत आतून सुमन आली. “अहो, तिचं ते आलं तेव्हाच मी फोन करून विचारलं होतं तिला. म्हणाली, आई, लवकर या.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही विचारलंत कुठे? मला वाटलं, तुमचा पाय पुस्तकांतून निघत नाहीये.”

मी निमूटपणे कोश पिशवीत घातला, पिशवी गळ्यात अडकवली, दोन्ही हातांत बॅगा घेतल्या आणि पुढे झालो. मागून सायलीच्या खांद्यावर हात ठेवून सुमन एकेक पायरी उतरत होती.

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर माझी पायरी चुकली. पडलो नाही, कठड्यावर आदळलो. मध्ये तो कोश होता. त्याचा कोपरा बरोबर पोटात बसला आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला, तो अख्ख्या जिन्यात घुमला.

वरून सुमनने शांतपणे विचारलं, “सापडलं का हो मूळ?”