तिवरबेटाची पालखी आणि बंद घरं

पनवेलच्या बाजारात बायआई सुका जवळा विकायला बसते. फाल्गुनात एकदा पुडी बांधता बांधता ती मला म्हणाली, "चैत्रात आमच्या बेटाईची जत्रा हाय. येशील? मानसं लागतान." सत्तरीची बाई अगत्य करते आहे असं मी समजलो. माणसं खरोखरच लागत होती, हे बेटावर गेल्यावर कळलं.

मी भातगिरणीत कामाला आहे. देवाचं बोलावणं मोडू नये, असं मला लहानपणापासून वाटत आलं आहे. बायकोनं दशम्या बांधून दिल्या आणि मी निघालो.

ज्यांना जायचं असेल त्यांनी उरणची एस.टी. धरावी आणि मिठागरांच्या फाट्याला उतरावं. तिथून बांधावरून तासभर चाल आहे. सावली कुठेच नाही, डोक्याला पंचा हवाच. पुढं होडी, तीही भरती असेल तरच लागते. ओहोटीला पोचलात तर समोर मांडीभर चिखल. मग काठावर बसून नामस्मरण करावं. मी तेच केलं.

होडीवाला गणपत हा बेटाच्या पलीकडच्या काठावरच्या गावचा, बायआईचा जावई. सोबत त्याचे तीन भाऊबंद होते. होडीला झेंडूच्या माळा लावलेल्या पाहून मला बरं वाटलं. जत्रेकरूंसाठी एवढी सजावट, असं मी म्हणालो. गणपत म्हणाला की जत्रेकरू तुम्ही एकटेच. माळा देवीसाठी आहेत. उद्या तिला घेऊन जायचं. आमच्या गावात तिच्यासाठी सिमेंटचं देऊळ बांधून तयार आहे.

बेटावर वीसेक घरं आणि आठ माणसं. सगळ्यांत तरुण म्हणजे धाऊ भगत, तोही साठी ओलांडलेला. पोरगे मुंबईला गिरण्यांत आणि गोदीत गेले, लेकी पलीकडे दिल्या, विहीर मचूळ झाली. बायआईकडे तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं जेवलो. पालखी होईपर्यंत मासळी बंद असते. जेवताना धाऊनं रीत सांगितली. पालखी प्रत्येक दाराशी थांबते. भगत विचारतो, घरात कोण आहे? आतून 'हाय' असं उत्तर आलं की पुढं सरकायचं. तीनदा विचारूनही एखाद्या दारातून उत्तर आलं नाही, तर देवीनं बेट सोडून पलीकडे जायचं. दोन्ही गावांच्या वाडवडलांनी हे ठरवलेलं. तेव्हा घराघरात दहा-दहा माणसं होती. ठरवताना कुणाला भीती वाटली नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी पालखी उठली. खांदा द्यायला गणपत आणि त्याचे भाऊबंद. जे तिला न्यायला आले होते तेच तिला मिरवत होते, कारण तेवढं बळ दुसऱ्या कुणात नव्हतं. बेटकरी मात्र पालखीबरोबर दिसेनात. ते घराघरात शिरून बसले होते. पालखी दारावरून पुढं गेली की आतली म्हातारी मागच्या दारानं बाहेर पडे, कुंपणाआडून पुढचं बंद घर गाठी आणि तिथून ओ देई. त्यांना वेळ मिळावा म्हणून धाऊ दर दोन दारांनंतर देवीला दम लागल्याचं जाहीर करी. मग पालखी टेकवून तिला वारा घालायचा. पूर्वी तासाभरात उरकणारी फेरी आता दिवसभर चालते. माणसं कमी झाली तशी जत्रा लांबली.

मुंबईला गेलेल्या बाळ्याच्या दाराशी सासूचा आवाज ओळखून गणपत हळूच म्हणाला, "आय, दमलीस. पानी पी जरा."

आतून जाड काढलेला आवाज आला, "कोन आय? मी बाळ्या."

शेवटचं घर धर्माचं, बेटाच्या टोकाला. धर्मा मुंबईला गेला त्याला बरीच वर्षं झाली. त्याच्या अलीकडच्या घरात बायआईचा गुडघा गेला. मी प्रसादाचं ताट घेऊन मागच्या अंगणात उभा होतो, तिथं ती मटकन बसली आणि तिनं माझं धोतर धरलं. धर्माच्या घरात जा म्हणाली. मी म्हणालो, देवीसमोर खोटं कसं बोलू?

"खोटं कुठं? आत जा, मंग बोल. आत आसशील तर खोटं कसं?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "मी उद्या मेली तरी चालल. पन ती गेली तर सांजचा दिवा कुनाफुडं लावू?"

ताट तिच्या मांडीवर ठेवून, पन्नाशीला टेकलेला मी धोतर सावरत पळालो. आत अंधार होता, जुन्या जाळ्यांचा वास होता आणि अंड्यांवर बसलेली एक कोंबडी होती. तिला मी आल्याचं अजिबात आवडलं नाही. धाऊनं बाहेरून विचारलं. आत असलो तर खोटं कसं, हे मी अजून मनाशी पडताळत होतो. त्यानं पुन्हा विचारलं. कोंबडी ओरडली, पण ती ओ कुणी धरली नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर मी हात जोडले आणि शाळेत हजेरी द्यावी तसं म्हणालो, "आहे."

गणपतनं आत डोकावून पाहिलं. "हा तर पावना."

"आत हाय ना?" धाऊनं विचारलं.

"हाय."

"मंग झालं. ज्या घरातून ओ दिली, त्या घरचा तो मानूस. फुडच्या जत्रेपावत."

गणपतनं थोडा विचार केला आणि मानलं. रीत त्याचीही होती. फक्त त्यानं मला बजावलं की पावसाआधी घर शाकारायचं, पुढच्या चैत्रात हजर राहायचं. घर पडलं तर देवी आमची. मग त्यानं होडीच्या माळा काढून पालखीला बांधल्या आणि सगळे मिळून चिखलातल्या निवटे मासळीचं कालवण जेवलो. परत सोडताना त्यानं होडीचं भाडं घेतलं नाही. बेटकऱ्याकडून घेत नाही म्हणाला.

घरी येऊन महिना झाला. मी देवीला फसवलं का, हा विचार पूजेला बसलो की येतो. पण एकाच म्हातारीचा आवाज ती इतकी वर्षं इतक्या दारांतून ऐकते आहे. तिला कळत नसेल असं कसं म्हणावं? तरी ती प्रत्येक दाराशी थांबते आणि उत्तराची वाट पाहते. तिलाही जायचं नसावं.

परवा बायकोला घेऊन बाजारात गेलो. घर शाकारायला आम्ही दोघंही येतो, पुढच्या जत्रेलाही येऊ, असं बायआईला सांगितलं. तिला आनंद झाला, पण दोघांनी धर्माच्या घरात राहायचं हे काही तिला पटेना. जोडीनं एका घरात राहणं बेटाला परवडत नाही, असं तिचं म्हणणं पडलं. माझ्या बायकोला तिनं बाळ्याचं घर देऊ केलं.

बायकोनं जवळ्याची पुडी पिशवीत ठेवली आणि विचारलं, "त्या घरात चूल धड आहे का?"