मुक्काम नको, जेवायला या

सकाळी कोणी बॅगा घेऊन आमच्या जिन्याशी उभं राहिलं आणि मराठीत पत्ता विचारू लागलं, की आमचा चौकीदार पुढचं ऐकूनच घेत नाही. नुसतं वर बोट दाखवतो. वर मोहिते राहतात.

दिल्लीच्या आर. के. पुरममधलं हे दोन खोल्यांचं सरकारी घर. चेतना एका मंत्रालयात असिस्टंट सेक्शन ऑफिसर, नवरा उल्हास दुसऱ्या खात्यात आणि मुलगी निधी कॉलेजात. उल्हासचं गाव कऱ्हाड, आणि कऱ्हाडात त्याचं गोत मोठं. कोणाला मोठ्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवायचे असतात, कोणाच्या मुलाचा इंटरव्ह्यू असतो, कोणाला आग्रा बघायचा असतो. सगळ्यांचं म्हणणं एकच, "आम्ही काय परके थोडेच? खाली सतरंजी टाकून झोपू." सतरंजीवर मात्र उल्हास झोपतो. पाहुण्यांना पलंग मिळतो.

चेतना हसतमुख, भराभर काम करणारी. ती नाही म्हणत नाही, हे कऱ्हाडात सर्वांना ठाऊक. ऑफिसातून येताना मेट्रोतूनच ती निधीला फोन करते, "कुकर लाव, आज किती जण आहेत बघ." पण गेल्या वर्षी सेक्शन ऑफिसरच्या खात्यांतर्गत परीक्षेत ती थोडक्यात नापास झाली. पेपरच्या आदल्या दिवशी ती कोणाच्या तरी आत्येसासूला कुतुबमिनार दाखवत होती. या वर्षी तिने पुन्हा फॉर्म भरला, आणि संध्याकाळी पुस्तकं घेऊन खालच्या मजल्यावर माझ्याकडे येऊ लागली.

"काकू, तासभर बसू का तुमच्याकडे? घरी पाहुणे आहेत."

"कोणाचे?"

"कोणाचे म्हणजे? आमचेच."

"आणि मग तू कोणाकडे पाहुणी?"

ती हसली, पण पुस्तक उघडायला तिला जरा वेळ लागला.

डिसेंबर सरत आला तशी परीक्षा जवळ आली. नेमका तेव्हाच कऱ्हाडहून उल्हासच्या थोरल्या भावाचा, श्रीरंगदादांचा, फोन आला. वैष्णोदेवीला निघालोय, येताना तीन-चार दिवस तुमच्याकडे टेकतो. बरोबर वहिनी, वहिनींची बहीण, तिचे यजमान. ते दिवस बरोबर परीक्षेच्या आधीचे होते.

चेतनाचा चेहरा पडला. उल्हास भला माणूस, पण दादापुढे त्याची जीभ टाळूला चिकटते. त्याने आपल्या मते मोठी अक्कल लढवली. फोन करून म्हणाला, "दादा, चेतनाची कंबर धरलीय. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलंय, बिल्कुल उठायचं नाही."

पलीकडून दादांचा आवाज खोलीभर ऐकू आला, "अरे, मग आधी नाही का सांगायचं? आम्ही देवीला नंतर जाऊ. आधी थेट तुमच्याकडेच येतो! आपल्या आक्कालाही आणतो, तिच्या हाताला गुण आहे. चांगली चोळून देईल. पंधरा दिवस राहील ती, काळजी नको."

उल्हास फोन हातात धरून तसाच बसला. निधीला हसू आवरेना. "पापा, यार, कमाल आहे तुमची! चारचे पाच केलेत."

चेतना तडक खाली माझ्याकडे आली. खुर्चीत बसली आणि म्हणाली, "कारण सांगितलं की लोक ते कारण दुरुस्त करायला येतात."

"मग कारण न सांगता नाही म्हणून बघ."

"जमणार नाही मला."

तरी तिने माझ्यासमोर सराव केला. पहिल्या खेपेला "सॉरी"नेच सुरुवात झाली, पाण्याची टंचाई आली, ऑडिट आलं, थंडी आली. मी म्हटलं, यात तुझं वाक्य कुठलं? ती खुर्चीत ताठ बसली. मग म्हणाली, "मला या वेळी माझं घर मला हवंय." स्वतःच ऐकून दचकली. मग फोन उचलून तिने वहिनींना लावला, हिंमत ओसरायच्या आत.

"वहिनी, माझी कंबर ठीक आहे. ह्यांनी थाप मारली."

"अगं बाई! का?"

"मला परीक्षा आहे. या वेळी घरी मुक्काम नको. देवीहून येताना रविवारी सगळे जेवायला या, मी वाट बघते."

"जेवायला या आणि झोपायला नको? दिल्लीत सख्ख्या दिराचं घर असून हॉटेलात उतरलो, तर इथे लोकांना काय सांगू मी?"

"चेतनाने नाही म्हटलं, असं सांगा."

"परीक्षा कसली आता या वयात?"

"सेक्शन ऑफिसरची. मला ती पास व्हायचीय."

"बदललीस हो तू."

"असेन."

तिने फोन उलटा करून ठेवला. मी चहा केला, तो तिने निम्माच घेतला.

आक्का आणि त्यांचं तेल कऱ्हाडातच राहिलं. बाकीची मंडळी देवीहून येऊन पहाडगंजच्या हॉटेलात उतरली आणि रविवारी दुपारी जेवायला आली. मलाही बोलावणं होतं. ताज्या मटारची उसळ, भरली वांगी, ज्वारीच्या भाकऱ्या, गाजर हलवा. दादा मनापासून जेवले. वहिनींनी मात्र पाट घेतल्यापासून टोमणे मोजून वाढले. "आम्हाला पुरे हो, पाहुण्यांनी बेतानं जेवावं." भाकरी तव्यावरून काढता काढता चेतना म्हणाली, "मग पाहुण्यांना आग्रह करायचा असतो, घ्या अजून एक." बहिणीचे यजमान खो खो हसले. वहिनींनी भाकरी घेतली.

बाकी मंडळी गप्पांत रंगली तेव्हा स्वयंपाकघरात चेतनाने हळूच विचारलं, "काकू, मला वाईट वाटतंय. म्हणजे माझं चुकलं का?"

"नाही. वाईट वाटतंय, एवढंच."

दिवेलागणीला बाहेर धुकं उतरलं. दादा खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. "काय हे, दहा पावलांवरचं दिसेना." वहिनींनी शाल जरा घट्ट गुंडाळून घेतली. उल्हासचा जीव खालीवर होऊ लागला.

"दादा, एवढ्या धुक्यात... म्हणजे मी काय म्हणतो..."

"मी कॅब बोलावलीय," चेतना म्हणाली. "गल्लीच्या तोंडाशी आलीये. अहो, तुम्ही बरोबर जा, हॉटेलपर्यंत सोडून या."

मग दादांनी मफलर शोधायला सुरुवात केली. चेतनाने डब्यात हलवा भरून वहिनींच्या हातात दिला. दाराशी चपला घालता घालता वहिनी थांबल्या.

"माझ्याकडे बारा महिने माणसं असतात," त्या म्हणाल्या. "मला नाही कुणी विचारलं, तुला चालेल का म्हणून."

"तुम्हीच सांगायचं, वहिनी."

"हूं. तुझ्या दादांना कोण सांगणार?" वहिनी जिना उतरू लागल्या. अर्ध्यावरून मागे न बघता म्हणाल्या, "पास हो म्हणजे झालं. नाहीतर आमचं हॉटेल फुकट जायचं."

मंडळी धुक्यात दिसेनाशी झाली. चेतना आत गेली, पलंगावरच्या उशा एका बाजूला सरकवल्या आणि पुस्तकं पसरून मधोमध मांडी घालून बसली. निधीने डोकावून विचारलं, "आई, चहा?"

"नको. दार ओढून घे."