तीन सुतांची ढील

बेनीकाका किहीमकर कुठल्याही गाडीत बसण्याआधी बूट काढून ठेवत. गाडी स्वतःची असो, कंपनीची असो, नाहीतर मॅनेजरसाहेबांची कोरी करकरीत असो. वर्कशॉपच्या दारात ते तेलकट बूट जोडीनं उभे दिसले की समजायचं, काका ट्रायलवर गेलेत. पायात नुसते लोकरीचे मोजे, आणि उजव्या मोज्यातून अंगठा कायम बाहेर डोकावणारा. आमच्या इंग्रज ड्रायव्हरांची पक्की समजूत होती की हा यांच्या धर्माचा काहीतरी नियम असणार. एकानं तर एकदा फार अदबीनं विचारलंसुद्धा. काका म्हणाले, "धर्म कसला आलाय? डॉक्टरनं बॉक्सिंगचे ग्लव्ह्ज घालून तुझी नाडी बघितली तर चालेल का तुला?"

साउथहॅम्प्टनच्या बंदरात येणाऱ्या जहाजांना शिधासामान पुरवणाऱ्या एका कंपनीत मी पिकअप चालवत असे. ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. माझा नवरा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होता, मुलगी शाळेत जायला लागली होती, आणि घरात बसून मला वेड लागायची वेळ आली होती. नाशिकला वडिलांच्या जीपवर मी गाडी शिकले होते, तेवढ्या भांडवलावर इथे अर्ज केला. अकरा ड्रायव्हर, त्यांत बाई मी एकटी. पहिल्या दिवशी किल्ली घ्यायला वर्कशॉपमध्ये गेले तर गाडीखालून आवाज आला, "शैला जोगळेकर म्हणजे मराठी. कुठली तू?" मी चक्रावले. म्हटलं, "नाशिकची." खालून उत्तर आलं, "मग कसाऱ्याचा घाट चढलेली आहेस. क्लच जाळणार नाहीस. प्रश्नच नाही." मग गाडीखालून एक टक्कल आणि त्यामागून एक जाडजूड हसरा माणूस बाहेर सरकला. तेच आमचे फोरमन, बेंजामिन किहीमकर.

काका मुंबईचे ज्यू, बेने इस्राएल. घराणं मूळ अलिबागकडचं. पन्नासच्या दशकात ते बोटीनं इथे आले आणि ज्या बंदरात उतरले तिथेच राहिले. शनिवारी ते पान्याला हात लावत नसत, आणि रविवारी बोलावलं तर मात्र हसत हसत येत. इंग्रजी त्यांचं बंदरातल्या माणसांसारखं झालं होतं, पण मराठी जशीच्या तशी होती. माझ्या मराठीत महिन्या-महिन्याला एक एक शब्द इंग्रजी होत चालला होता आणि ते ताबडतोब पकडत. मी "केबल टाइट करा" म्हटलं की ते म्हणत, "आवळा म्हण. आवळायला पैसे पडत नाहीत."

त्यांचं मोजमापही जुनंच होतं. मिलिमीटर हा शब्द त्यांनी कधी तोंडातून काढला नाही. इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत, आणि सगळं जग सुतात. अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलला ते बरोबर तीन सूत ढील ठेवत. म्हणजे पाय टेकल्यावर पेडल पहिलं थोडं नुसतंच खाली जायचं आणि मग इंजिनला कळायचं. कारखान्याच्या पुस्तकात याच्या निम्मीसुद्धा ढील सांगितलेली नव्हती. पण पुस्तक लिहिणारा आमच्या धक्क्यावर कधी आला नव्हता. तिथे जुने रेल्वेचे रूळ रस्त्यात गाडलेले होते. त्यांवरून जाताना गाडी उडायची, गाडीबरोबर पाय उडायचा, पायाबरोबर इंजिन उसळायचं, आणि मागची अंड्यांची खोकी एकमेकांवर आदळायची. काकांच्या तीन सुतांनंतर हे थांबलं. पाय कितीही नाचला तरी इंजिन शांत. "पाय बोलतो, इंजिन ऐकतं," ते म्हणत, "आणि केबल हा मधला निरोप्या. पायाची प्रत्येक बडबड त्यानं आत नेऊन सांगायची नसते." सात-आठ वर्षं आम्ही अंडी पोहोचवली आणि काकांची छाती दर वर्षी एकेक सूत पुढे येत गेली.

मग नव्वदच्या दशकात कंपनीनं टर्बो डिझेलच्या नव्या पिकअप घेतल्या. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा एक पंखा, तो इंजिनात जादा हवा कोंबतो. पंख्यानं वेग घेतला की गाडी अशी सुटते की विचारू नका. पण तो वेग घेईपर्यंत इंजिन अर्धवट झोपेतच असतं. काकांनी नव्या गाड्या ताब्यात घेतल्या आणि पहिल्याच आठवड्यात सगळ्यांच्या केबलला आपली तीन सूत ढील देऊन टाकली. आधीच उशिरा उठणारं इंजिन, त्यात निरोपही उशिरा.

मला ते पहिल्या पंधरवड्यात जाणवलं. माल भरलेला असताना राउंडअबाउटच्या, म्हणजे चौकातल्या गोलाच्या, तोंडाशी थांबायचं, उजवीकडून येणाऱ्या गाड्यांत फट दिसली की पेडल दाबायचं, आणि काहीच व्हायचं नाही. एक लांब श्वास घेऊन सोडावा एवढा वेळ काहीच नाही. मग एकदम धक्का. मी काकांना सांगितलं. त्यांनी बूट काढले, रिकामी पिकअप घेऊन यार्डात दोन चकरा मारल्या आणि उतरून म्हणाले, "गाडी लोण्यासारखी आहे. तुझा पाय आळशी झालाय." आजूबाजूचे ड्रायव्हर हसले. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण काकांनी स्वतःच भाषांतर करून सांगितलं.

दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हाही तेच. तिसऱ्यांदा मी दोषांच्या वहीत लिहिलं. ही वही प्रत्येक गाडीत असे. ड्रायव्हरनं तक्रार लिहायची, फोरमननं खाली शेरा मारून सही करायची. मी लिहिलं, "पेडल दाबल्यावर गाडी उशिरा उचलते, माल असताना फार." काकांनी खाली ठसठशीत अक्षरात लिहिलं, "गाडीत दोष नाही. ड्रायव्हरच्या पायात आहे." मी वही मिटली. ज्या माणसाला मी काका म्हणून घरी बोलावून नवऱ्याच्या आधी जेवायला वाढत होते, त्यानं हे शाईनं लिहिलं याचा मला भयंकर राग आला.

त्यानंतर दहा-बारा दिवसांतली गोष्ट. गुरुवारी दुपारी बंदराच्या फाटकापाशी मी राउंडअबाउटवर थांबले होते. मागे पीठ आणि बटाट्यांची पोती. फट चांगली होती, मी आजही शपथेवर सांगेन. पेडल दाबलं. गाडी नाकभर पुढे गेली आणि तिथेच रेंगाळली. उजवीकडून येणाऱ्या लॉरीनं ब्रेक दाबले, पण तिची धडक माझ्या मागच्या चाकावर बसलीच. माझं मनगट मोडलं. लॉरीवाल्याच्या कपाळाला टाके पडले. सगळ्या रस्त्यावर पीठ, आणि त्या पिठात मी बसलेली.

सोमवारी चौकशी ठेवली. आमचा मॅनेजर कीथ वाईट माणूस नव्हता, पण त्यानं फोनवरच सांगितलं की वही त्यानं पाहिली आहे. फोरमनचा शेरा स्वच्छ आहे. मी लॉरीच्या पुढ्यात गाडी घातली आणि खापर गाडीवर फोडायची तयारी आधीच करून ठेवली होती, असा त्याचा अर्थ निघत होता. नोकरी जाणार हे उघड होतं. आणि ड्रायव्हिंगच्या नोकरीवरून असं काढून टाकल्यावर त्या बंदरात दुसरं कुणी मला किल्ली दिली नसती. बाईला तर नाहीच. मी नवऱ्याला म्हटलं, आता घरात बसून वेडी व्हायला मोकळी झाले.

शुक्रवारी काका घरी डोकावले नाहीत, शनिवारी त्यांचा सुट्टीचा वार. रविवारी त्यांनी काय केलं ते मला नंतर त्यांच्या बायकोकडून, रिबेकाकाकूंकडून कळलं. सकाळी ते एकटे वर्कशॉपमध्ये गेले. माझ्या पिकअपच्या जोडीची दुसरी पिकअप काढली आणि तिच्यावर तितकीच पोती स्वतः चढवली. एकसष्ट वर्षांचा माणूस! मग बूट काढून त्याच राउंडअबाउटवर गेले, आणि दुपारपर्यंत थांबत, दाबत, पुढे जात, पुन्हा वळून येत राहिले. घरी आले ते जेवलेच नाहीत. काकूंनी काय झालं विचारलं तर एवढंच म्हणाले, "पोरगी तीनदा सांगत होती."

सोमवारी मी मोडका हात गळ्यात बांधून ऑफिसात बसले होते. कीथ, त्याच्या शेजारी सेफ्टीचा एक माणूस, टेबलावर ती वही. काका आत आले आणि बसलेच नाहीत. "बाहेर चला," ते कीथला म्हणाले, "इथे बसून काही कळणार नाही." बाहेर ती माल भरलेली पिकअप उभी होती. त्यांनी कीथला स्टिअरिंगवर बसवलं, स्वतः पुढे एका बाजूला जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मी हात खाली केला की पेडल दाब." हात खाली आला. पिकअप तिथेच. मग हलली. कीथनं खाली वाकून पायाकडे पाहिलं. "पुन्हा," काका म्हणाले. पुन्हा तेच.

मग त्यांनी बॉनेट उघडलं. पाना लावून केबलची ढील काढली, टर्बोपासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीची पट्टी आवळली, तिथून थोडी हवा निसटत होती. चहा थंड व्हायच्या आत काम झालं. "आता दाब." हात खाली आला आणि पिकअप पोत्यांसकट निघाली. टर्बोचा स्वतःचा उशीर होताच, तो कुणालाच काढता येणार नव्हता, पण मघाचा तो मेलेला वेळ गेला होता.

सेफ्टीवाल्यानं विचारलं, केबल इतकी ढिली कुणी ठेवली?

"मी," काका म्हणाले. "अकराच्या अकरा गाड्यांना. जुन्या गाड्यांना ती बरोबर होती, नव्यांना चूक आहे. या बाईनं मला तीनदा सांगितलं. मी रिकामी गाडी यार्डात फिरवली आणि तिच्या पायाला नावं ठेवली. वहीतला शेरा खोटा आहे. चूक माझी आहे, यात प्रश्नच नाही." इतक्या वर्षांत ते ज्या आवाजात स्वतः बरोबर असल्याचं सांगत आले होते, त्याच खणखणीत आवाजात त्यांनी हे सांगितलं. मान खाली नाही, की घसा खाकरणं नाही. मग वही मागवून घेतली, आपल्या शेऱ्यावर एक सरळ रेघ मारली आणि खाली नवीन शेरा लिहून सही केली.

माझी नोकरी राहिली. त्यांचं फोरमनपद गेलं. निवृत्तीपर्यंतचं दीड वर्ष त्यांना स्टोअरमध्ये काढावं लागणार होतं, आणि वर्कशॉप त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या माणसाकडे जाणार होतं. माझा राग मात्र लगेच गेला नाही, हे कबूल करते. त्यांनी मला वाचवलं खरं, पण आधी बुडवलंही त्यांनीच होतं. आठवडाभरानं मी स्टोअरच्या खिडकीशी जाऊन विचारलं, "काका, रविवारी गुपचूप केबल आवळून टाकली असती तर कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही," ते म्हणाले. "आणि तुझा पाय जन्मभर आळशी ठरला असता. तो शेरा माझ्या अक्षरात आहे गं. दुसऱ्या कुणाला पुसता आला नसता." मग लगेच मूळ स्वभावावर आले. "आणि तूसुद्धा राउंडअबाउटला येताना गिअर आधी खाली घे. इंजिन जागं ठेवूनच तिथे यायचं, थांबल्यावर उठवायचं नाही. केबल मी नीट केली म्हणून टर्बो तुझा नोकर झाला नाही." पुढे मी जितके ड्रायव्हर शिकवले, त्या सगळ्यांना हे वाक्य पाठ आहे. आता नव्या पिकअपमध्ये केबलच राहिलेली नाही, पेडलचा निरोप विजेच्या तारेतून जातो, आणि तरीही मुलं तीच तक्रार घेऊन येतात. मी आधी गाडीत माल भरायला सांगते, मग स्वतः जाऊन बसते.

काका जाऊन बरीच वर्षं झाली. मला ते आठवतात ते स्टोअरमध्ये जाण्यापूर्वीच्या त्यांच्या वर्कशॉपमधल्या शेवटच्या दिवशीचे. उरलेल्या गाड्यांच्या केबली दुसऱ्या कुणी लावायच्या नाहीत, एवढीच सवलत त्यांनी कीथकडून मागून घेतली होती. मला निरोप आला की माल भरून ठेवलाय, ये. मी प्लास्टरमधला हात सांभाळत एकेका पिकअपमध्ये चढत होते आणि ते बॉनेटखाली वाकलेले होते. "दाब," ते म्हणायचे, आणि मी दाबायचे. पहिल्या गाडीला मी म्हटलं, "अजून अर्धं सूत." मला वाटलं, आता ऐकवणार. त्यांनी नट फिरवला. पुन्हा दाबलं. इंजिननं पायाबरोबरच आवाज दिला.

"आता बरोबर," मी म्हटलं.

बॉनेटच्या बाजूनं काकांनी डोकं बाहेर काढलं आणि माझ्याकडे बघितलं. "नक्की?" त्यांनी विचारलं.

"नक्की," मी म्हटलं. त्यांनी वरचा नट आवळला आणि आम्ही पुढच्या गाडीकडे गेलो.